खडूच्या भिंती

आप्पांनी मटणाचं दुकान बंद केलं, तरी छताला मटण टांगायचे आकडे अजून तसेच होते. त्याखालच्या फरशीवर लेकीने आज खडूने मोठमोठ्या रेघा ओढल्या होत्या. मागे शाकाहारी खानावळीचं स्वयंपाकघर, पुढे टेबलं आणि खिडकीपाशी गल्लीतल्या कोणालाही गायला, चित्रं काढायला मोकळी जागा. दुकान आप्पांचं होतं. त्यांनी नाही म्हटलं, तर सगळं फरशीवरच राहणार होतं.

दारात उभे राहून ते बराच वेळ बघत राहिले.

"माझ्या धंद्याची लाज वाटते, म्हणून भाजीपाला?"

"लाज कसली, आप्पा? याच दुकानावर वाढले मी. पण तुमचा हात मला कधी आलाच नाही."

"मी कोंबडी कापायला घेतली की डोळे मिटायचीस. गिऱ्हाइकं हसायची."

"तुम्ही मात्र कधी रागावला नाहीत."

आप्पा दारातून पुढे आले. ते मागच्या बाजूला निघाले. रेघ ओलांडून सरळ जाता आलं असतं, पण रेघेपाशी येताच ते थबकले. खरीच भिंत असावी तसे कडेकडेने गेले आणि खडूने काढलेल्या दारातून आत शिरले. लेक पाहत होती.

"दार अरुंद झालंय," ते आतून म्हणाले. "भरलेलं पातेलं घेऊन माणूस बाहेर पडणार कसा? पूस ते."

तिने गुडघ्यांवर बसून तळहाताने रेघ पुसली.

"अजून थोडी," आप्पा म्हणाले.