तिप्पट

"कुमुदकाकू, स्टेजवर एवढंच सांगा, मी थांबले आणि पैसे तिप्पट झाले," अविनाश म्हणाला. "बाकी मी सांभाळतो."

नोएडाच्या हॉटेलात त्याच्या ब्रोकर कंपनीचा समारंभ होता. एकच शेअर वीस वर्षं न विकणाऱ्या कुमुदचा आज सत्कार होता. मुलगी उल्का पहिल्या रांगेत बसली होती.

वीस वर्षांपूर्वी कुमुद दिल्लीत सरकारी खात्यात स्टेनो होती. सरोजिनी नगरचं क्वार्टर रिटायर झाल्यावर सोडावं लागणार, म्हणून तिच्या नवऱ्यानं, सूर्यकांतनं, दिल्लीतल्याच द्वारका भागात दोन खोल्यांचा फ्लॅट पाहून ठेवला होता. पैसेही जमले होते. तेवढ्यात मंडळाच्या गणपतीत अविनाश भेटला. "फ्लॅट काय, पळून जातोय? जमाना कम्प्युटरचा आहे," म्हणत त्यानं सगळी पुंजी एकाच कम्प्युटर कंपनीच्या शेअरमध्ये घालायला लावली.

वर्षभरात शेअर कोसळला. विकायचं म्हटलं की अविनाश म्हणायचा, "थांबा." ज्या भावानं घेतला तो परत दिसेपर्यंत चौदा वर्षं गेली. तोवर सूर्यकांत भाड्याच्या घरातच वारला. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाला होता, "द्वारकेच्या त्या फ्लॅटला बाल्कनी होती गं."

टाळ्या वाजल्या. पडद्यावर वर चढत जाणारी रेघ होती. अविनाशनं तिला शाल पांघरली आणि माईक तिच्या हातात दिला.

"मैंने दो कमरों के फ्लैट का पैसा इसमें लगाया था," कुमुद म्हणाली. "आज सारे शेयर बेच दूँ, तो उसी फ्लैट का एक कमरा भी नहीं आएगा. इन बीस सालों में दूध, किराया, दवाई, सब चौगुना हुआ. पैसा तिगुना. तो बढ़ा क्या?"

कुणीतरी हसलं.

"काकू, इथे नको," अविनाश जवळ येऊन पुटपुटला. "आपण नंतर बोलू."

"नंतर नंतर करतच वीस वर्षं गेली, अविनाश." आता ती मराठीतच बोलत होती, पण माईक तोंडासमोरच होता. "तुझं कमिशन तू त्याच दिवशी घेतलंस. त्या रुपयात तेव्हा जेवढं यायचं, तेवढं तुला मिळालं. आमचा रुपया मात्र तू थांबवून ठेवलास. वर आता माझा फोटो लावून आणखी लोकांना थांबवणार?"

त्यानं माईकसाठी हात पुढे केला. तिनं माईक दिला, खांद्यावरची शाल उतरवून नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरली.

उल्का लगबगीनं पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आई, चलो. मी टॅक्सी बोलावते."

"कशाला? जेवायला बोलावलंय ना आपल्याला?"

हॉलच्या मागे जेवण मांडलं होतं. कुमुदनं ताट घेतलं आणि रांगेत उभी राहिली. पुढची दोन माणसं बाजूला झाली, पण ती पुढे गेली नाही. नंबर आल्यावर तिनं पुऱ्या घेतल्या, भाजी घेतली, आणि आठ खुर्च्यांच्या एका रिकाम्या टेबलाशी जाऊन, पदर सावरून, सावकाश जेवायला बसली.