खुर्ची ढकलणारी

"जरा थांबव गं पोरी. ते काय म्हणतायत ऐकू दे," खुर्चीतले इंग्रज आजोबा म्हणाले आणि अठ्ठावन्न वर्षांच्या सुहासिनीनं मन नसताना खुर्ची थांबवली. ब्रेक लावला.

गेटजवळच्या टीव्हीवर एका पेटलेल्या देशात अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी लंडनला भरलेली बैठक मोडल्याची बातमी चालली होती. ब्रिटनचे मंत्री माइकसमोर एकटेच उभे होते. एरवी त्यांच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे युरोपातले मित्र मागच्या दारानं निघून गेले होते. खाली पट्टी सरकत होती. संयुक्त विमानं रद्द. ज्यानं त्यानं आपापली माणसं आणावीत. ब्रिटनचं विमान तूर्त नाही.

"आमच्या काळी भांडायचे, पण जेवायला तरी एकत्र बसायचे," आजोबा म्हणाले. बातमी संपली तरी खुर्ची हलेना, तेव्हा त्यांनी मान वळवून वर पाहिलं. "तुझं कुणी आहे का तिथे?"

"मुलगी," सुहासिनी म्हणाली आणि तिनं ब्रेक काढला.

हीथ्रोवर ती खुर्च्या ढकलायची. ज्यांना चालवत नाही त्यांना विमानापासून बाहेरच्या दारापर्यंत, नाहीतर दारापासून विमानापर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. तिची सान्वी नर्स होती. एका सेवाभावी संस्थेच्या इस्पितळात ती गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून हाउन्सलोच्या घरात त्या देशाचं नाव कुणी घेत नसे. नुसतं ‘तिकडे’ म्हणत. सुहासिनीच्या वाईच्या माहेरी रात्री सापाला साप न म्हणता लांबडं म्हणत, तसं.

तिकडे सरकार होतं ते नावापुरतं. राजधानीबाहेरचे रस्ते ज्याच्या हातात बंदूक त्याचे. ब्रिटनचं म्हणणं, आपण माणसं काढायला लागलो तर उरलंसुरलं सरकारही कोसळेल, म्हणून राहायचं. पोर्तुगाल आणि आणखी दोघातिघांचं म्हणणं, विमानतळ चालू आहे तोवर निघायचं. सुहासिनीला दोन्ही बाजू पटत. पण तिचं पोर एकच होतं आणि ते विमानतळाच्या कुंपणाबाहेर बसलं होतं. ‘ब्रिटिश डेस्क बंद आहे’ एवढा सान्वीचा मेसेज आला होता. त्यानंतर काही नाही.

"तू घरी जा," शिफ्ट सांभाळणारी सारा तिला म्हणाली. "मी दुसऱ्या कुणाला तरी लावते."

"घरी जाऊन काय करू? तिथे नवरा टीव्ही लावून बसलाय. इथे निदान टीव्हीसमोरून पुढे तरी जाता येतं."

विनय खरोखरच टीव्हीसमोर होता. कौन्सिलच्या पार्किंग खात्यातून निवृत्त झाल्यापासून जगातल्या सगळ्या तंट्यांचा निवाडा तो सोफ्यावरून करी. संध्याकाळी सुहासिनीनं चहा हातात दिला तेव्हाही त्याचं चालूच होतं.

"हा सगळा मानपान आहे बघ. लग्नात नसतं का? काकांना आधी टॉवेलटोपी दिली म्हणून मामा रुसतात. मग मांडव पेटला तरी मामांचं एकच, आधी मला विचारायला हवं होतं."

"आणि नवरी?"

"नवरीला कोण विचारतंय," विनय म्हणाला. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागे इतका आवाज होता की आधी काही कळेचना.

"आई, मी बसले. प्लेनमध्ये."

"कुठल्या? आपलं विमान तर नाही म्हणतात."

"पोर्तुगीज आर्मीचा आहे. लिस्बनला जातोय. बाकी नंतर सांगते, ओके? तू रडू नको."

"मी कुठे रडतेय?"

"मग बाबा रडतोय. मला ऐकू येतंय."

विनयनं बाहीला तोंड पुसलं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "चिमाजीअप्पांनी यांच्याकडून वसई घेतली. आणि आज आपली पोरगी यांच्याच विमानात."

"अहो, मेणवलीच्या घाटावर यांच्याच चर्चमधली घंटा टांगलीय. लहानपणी ती वाजवायला उड्या मारायचे मी."

"मग आता परत द्यायची म्हणतेस?"

"द्यावी," सुहासिनी म्हणाली. त्या क्षणी तिनं वसईही देऊन टाकली असती.

सान्वी आली ती वाळून. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं ताटभर वरणभात खाल्ला, पुन्हा वाढून घेतला आणि मग सांगायला लागली.

"गेटवर एक माणूस होता. पोर्तुगीज कॉन्सुलेटचा. त्याला ऑर्डर होता, ओन्ली देअर ओन पीपल. कारण आधी आपल्या ब्रिटिश लोकांनी त्यांच्या दोन फॅमिलीजना मदतीला नाही म्हटलं होतं. सो दे वर फ्युरियस. मी पासपोर्ट दाखवला. तो सॉरी म्हणाला. म्हणजे, खरंच सॉरी होता तो. मग माझा बॅग बघितला, त्यावर हॉस्पिटलचा नाव होता. आत गेला आणि एक व्हीलचेअर घेऊन आला. त्यात एक आजी."

"आजारी होती?"

"नाही ना! मी तिला आधी चालताना बघितलं होतं. तो म्हणाला, हिला कुणीतरी ढकलायला हवं. एवढंच. आणि दुसरीकडे बघायला लागला."

"मग?"

"मग मी ढकलली. सोल्जरनी आजीचा पासपोर्ट बघितला. हसून तिला आत सोडलं. माझ्याकडे बघितलंच नाही, आई."

"खुर्ची ढकलणाऱ्याकडे कुणी बघत नाही," सुहासिनी म्हणाली. ही गोष्ट तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होती. लोक खुर्चीतल्या माणसाशी बोलतात, वाकून हात मिळवतात, फुलं देतात. मागचे दोन हात खुर्चीचेच असतात. याचं तिला एखाद्या दिवशी वाईट वाटे, एखाद्या दिवशी बरं वाटे. त्या पोर्तुगीज माणसानंही ते कुठेतरी उभं राहून पाहिलेलं असणार.

"उंबऱ्यावर खुर्ची उलटी घेतलीस ना?"

"हो. मोठं चाक आधी. तू शिकवलं तसंच." सान्वीनं ताटावर बोट फिरवलं. "आमच्या वॉर्डची सिस्टर होती ना, तिकडचीच. ती मला सोडायला आली होती. कुंपणाला धरून उभी होती. तिच्यासाठी खुर्ची नव्हता."

विनयनं उठून नळ बंद केला. तो आधीच बंद होता.

दोन दिवसांनी सुहासिनीनं बेसन भाजायला घेतलं. लाडू वळून स्टीलचा डबा भरला, पुसला आणि सान्वीसमोर ठेवला.

"त्याचं नाव सांग. पोर्तुगालच्या वकिलातीत नेऊन देते. त्याला पोचवतील ते."

"आई, नो."

"का? दारावर घेणार नाहीत? नाही तर नाही. मग चिठ्ठी देईन."

"चिठ्ठी तर मुळीच नको. मिनिस्टर लोक अजून भांडतायत टीव्हीवर. कुणी विचारलं, तुमच्या प्लेनमध्ये ब्रिटिश नर्स कशी आली, मग? ही विल लूज हिज जॉब. मी नाव तुलापण सांगणार नाही. तू बोलशील."

"म्हणजे मी त्याला नुसतं थँक्यूही म्हणायचं नाही?"

"तू कधीपासून थँक्यू म्हणायला लागलीस?" सान्वी हसली. "मी लहान होते तेव्हा तुला थँक्यू म्हटलं की चिडायचीस. आईला कुणी थँक्यू म्हणतं का, म्हणून."

पोरगी खोटं बोलत नव्हती. सुहासिनीची आई लीलावती जन्मात कुणाचे आभार मानायला गेली नाही. शेजारणीनं बाळंतपणात रात्र जागवली, की चार दिवसांनी तिच्या घरी डबा जायचा. वर काही बोलायचं नाही. डबा परत यायचा तो कधी रिकामा येत नसे, निदान चमचाभर साखर घालून येई. मग पुन्हा इकडून. तो डबा आयुष्यभर फिरत राही आणि कोण कुणाचं देणं लागतं हे कुणाच्या ध्यानातही राहत नसे. पण त्यासाठी शेजारीण भिंतीपलीकडे असावी लागते. हा माणूस कुठे राहतो हेही तिला माहीत नव्हतं.

लाडू विनयनं संपवले. "त्याच्या वतीनं खातोय," तो प्रत्येक वेळी म्हणे.

त्या आठवड्यात सुहासिनी साराकडे गेली. "लिस्बनची विमानं मला देत जा."

"का? तिकडे कुणी बॉयफ्रेंड आहे काय?"

"आहे. नाव माहीत नाही."

सारानं तिच्याकडे नीट पाहिलं, पण पुढं विचारलं नाही. लिस्बनची विमानं मिळायला लागली. सुहासिनी त्या प्रवाशांच्या गुडघ्यांवरची शाल जरा जास्त नीट घाली, बॅग स्वतः उचले, टॅक्सीपर्यंत सोबत जाई. त्यांना वाटे, लंडनमध्ये असंच असतं.

हिवाळा गेला. तिकडचा विमानतळ बंद पडला. त्या माणसाची तिथून बदली झाली असं सान्वीला कुणाकडून तरी कळलं. शिक्षा म्हणून की बढती म्हणून, ते कळलं नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी सुहासिनी लिस्बनच्या गेटवर खुर्ची घेऊन उभी होती. ज्या बाईंसाठी ती आणली होती त्या विमानात चढल्याच नव्हत्या. सगळे प्रवासी निघून गेल्यावर शेवटी एक म्हातारी बाहेर आली. काळा स्वेटर, हातात कापडी पिशवी. चार पावलं चालायची, भिंतीला हात टेकायची, पुन्हा चालायची. पुढे पासपोर्टच्या काउंटरपर्यंत कितीतरी लांब बोगदा होता.

नियम साधा होता. आधी नोंदवलं नसेल तर खुर्ची मिळत नाही; डेस्कला कळवायचं आणि परवानगी येईपर्यंत थांबायचं. सुहासिनीनं म्हातारीकडे पाहिलं. तिला धाप लागली होती. सुहासिनीनं खुर्ची पुढे केली, ब्रेक लावला आणि हातानं बसण्याची खूण केली.

बोगद्याच्या तोंडाशी सारा समोरून आली. तिनं हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवलं.

"ही कोण? माझ्याकडे हिची नोंद नाही."

तिच्या डोक्यावरच्या टीव्हीवर मंत्री पुन्हा एकत्र उभे होते. सगळे हसत होते. आवाज बंद होता.

"हिला कुणीतरी ढकलायला हवं होतं," सुहासिनी म्हणाली.

सारानं तिच्याकडे पाहिलं. सान्वी कशी आली हे सुहासिनीनं तिला कधी सांगितलं नव्हतं. तरी सारानं टॅबलेट काखेत घातला आणि ती खिडकीतून बाहेरच्या विमानांकडे बघायला लागली.

पासपोर्टच्या काउंटरवरचा अधिकारी वाकून म्हातारीशी बोलला, तिला वेलकम म्हणाला. मागच्या दोन हातांकडे त्यानं पाहिलं नाही. पुढे गेल्यावर म्हातारीनं आपला हात मागे नेऊन सुहासिनीच्या बोटांवर ठेवला.

"ओब्रिगादा," ती म्हणाली.

हे पोर्तुगीज थँक्यू सुहासिनीच्या आता ओळखीचं झालं होतं. लिफ्टचं दार उघडलं. दाराशी बोटभर उंचवटा होता. तिनं खुर्ची फिरवली, मोठं चाक आधी घेतलं आणि म्हातारीला धक्का लागू न देता उलटी आत ओढून घेतली.