वीस की शून्य पॉइंट वीस

इंद्रजितनं किरणांच्या मोजणीच्या कागदावर ठेवलेलं बोट उचललंच नाही. समीक्षाच्या नावापुढं वीस होते आणि त्याच्या मोबाइलवरच्या तक्त्यात गरोदर बाईसाठी मर्यादा होती एक.

"वीसपट! आनि तुमी म्हनताय काळजी करू नका?"

टेबलापलीकडं रुग्णालयाचे किरणसुरक्षा अधिकारी जयराज सर बसले होते. समीक्षा तिथंच अँजिओग्राफी विभागात तंत्रज्ञ होती. बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते, तिसरा महिना चालू होता. नवऱ्याचा आवाज चढला तशी ती ओशाळली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून बघितल्याशिवाय पोत्याला हात न लावणारा माणूस तो. रुग्णालय काहीतरी दडपतंय, हे त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं.

सरांनी रकान्याचं शीर्षक दाखवलं.

"इथं बारीक अक्षरात आहे बघा. आकड्याला शंभरानं भागायचं, मग मिलिसिव्हर्ट येतात, किरणांचं माप ते. म्हणजे शून्य पॉइंट वीस. तुमच्या मोबाइलवरचा एक मात्र अख्खा मिलिसिव्हर्ट."

इंद्रजितनं तोंडी भागाकार केला, मग मोबाइलवर केला. एकक दोन्हीकडं तेच आहे ना, तेही ताडून पाहिलं. बोट ठेवायला काहीच उरलं नाही, तेव्हा तो खुर्चीत रेलून हसला.

"पाचवा हिस्सा व्हय! जीव थाऱ्यावर नव्हता बगा, सर."

"असायचंच. बाप होताय तुम्ही."

चहा आला. समीक्षानं कप घेतला नाही. ती तो कागद पहिल्यांदाच नीट वाचत होती. तिच्या वरच्या ओळीत तिच्याच विभागातला मल्हार, खाली प्रांजल, मग आणखी दोघं. सगळ्यांपुढं वीस. मल्हार दिवसभर क्ष-किरणांच्या यंत्राला चिकटलेला असायचा, प्रांजल आठवड्यातून एखाद्या वेळी आत यायची.

अंगावर पडलेली किरणं मोजणारा बॅज छातीवर लावायचा असतो. पण बॅज हरवला की वरून बोलणी बसायची, म्हणून कामाला लागताना सगळ्यांनी तो दाराबाहेरच्या एकाच खिळ्याला अडकवायचा, असा विभागात रिवाजच पडला होता. तीही अडकवायची.

"चल, आईला फोन करू," इंद्रजित उठत म्हणाला. "लय घाबरलीया ती."

तिनं त्याची बाही धरली.

"आवं, बसा जरा. हे वीस माझे न्हाईत. दाराबाहेरच्या खिळ्याचे आहेत."

त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"मग तुझं किती?"

समीक्षानं सरांकडं पाहिलं. सरांनी खिशातलं पेन काढून तिच्या नावापुढच्या विसावर काट मारली.