सुतकातली दवंडी

माझी तान्ही कौतिका निजली की तिची दोन्ही पावलं तळहातावर घ्यायची मला सवय लागली होती. उजवं सरळ टेकायचं. डावं मात्र आतल्या बाजूला वळून कुशीवर पडायचं, जन्मल्यापासून तसंच.

आत्याबाई म्हणायच्या, "गिराणात विळीले हात लावला असशीन, त्याचं हे."

ग्रहणात मी कशालाच हात लावला नव्हता. पण सासूला सांगणार कोण?

मग शेजारच्या सोनाळ्याला हाडांचे डॉक्टर यायला लागले. अकोल्याहून जीपमधून येत आणि शाळेच्या ओसरीत बसत. कौतीचा पाय त्यांनी हातात घेतला, हळूच दाबला आणि म्हणाले, "बाई, हाड कोवळं आहे तोवर वळेल. प्लास्टर घालू, काढू, पुन्हा घालू. पण एक पाळी चुकवलीत तर केलेलं सगळं फुकट जाईल. लक्षात ठेवा."

लक्षात काय ठेवायचं? डॉक्टरांचा दिवसच ठरलेला नव्हता. जीप मिळाली की ते यायचे. तसा निरोप आमच्या ग्रामपंचायतीत यायचा आणि आदल्या दिवशी तिन्हीसांजेला कोतवाल कचरू डफ घेऊन गावभर दवंडी द्यायचा. गावाची आठवण त्या डफावर होती. मी कामात असले तरी कान दाराकडे ठेवायची.

दोन प्लास्टरं झाली. दुसऱ्या वेळी जुनं काढलं तेव्हा पाय खरंच थोडा बाहेर आला होता. मी तो सारखा हातात घेऊन बघत होते. डॉक्टर हसले, "थांबा, अजून अर्धं काम आहे." नवं प्लास्टर वाळल्यावर कौती त्यावर नखांनी खाजवायची आणि त्या खरखर आवाजाला खुदखुदायची.

त्यानंतर जेठ महिन्यात मनकर्णाबाई वारल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भगवंतरावांचा मोठा वाडा आहे, त्यांच्या त्या आई. ते आमचे भावकीतले, म्हणून सुतक आम्हालाही आलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे शेषराव, दिवसभर भगवंतरावांच्या ओट्यावर बसून असायचे. आमचे हे शेगावला दुकानात कामाला, शनिवारी येऊन सोमवारी जायचे. पाहुण्यांची नवी गाडी आली की बायका गळ्यात पडून रडायच्या आणि सारी गल्ली त्या रडण्यानं भरून जायची.

मी डफाची वाट पाहत होते. पाळी जवळ आली असावी असं वाटत होतं, कारण प्लास्टर कौतीला घट्ट व्हायला लागलं होतं. आत्याबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दवंडी आल्याबगर जाऊन काय करशीन? रिकाम्या शाळेत बसशीन?"

तेही खरंच होतं.

मग एका सकाळी विहिरीवर शालूबाई भेटली. ती पारापलीकडे राहते. तिच्या पोराचाही पाय तसाच. ते पोर तिच्या कडेवर होतं आणि पायात पांढरंशुभ्र नवं प्लास्टर.

"काऊन वो, तू नाही आली परवा?" ती म्हणाली. "डॉक्टर नाव घेऊन घेऊन इचारत होते. कौतिका कुठं हाय, कौतिका कुठं हाय."

"दवंडी कधी झाली?"

"अवो, झाली नं! कचरूनं चांगला डफ बडवला. तुह्या कानात काय बोळे होते?"

माझी घागर भरून वाहत होती आणि मी तशीच उभी.

घरी आले तर कौतीची बोटं निळसर दिसायला लागली होती. डॉक्टर पुन्हा कधी येतील, कोणाला ठाऊक? आत्याबाईंनी घमेल्यात पाणी घेतलं, त्यात पाय भिजत ठेवला. प्लास्टर मऊ होईल तसं मी कात्रीनं थोडं थोडं कापलं. कौती आधी पाण्यात हात आपटत होती, नंतर रडली. आतली कातडी सोलवटली होती. पाऊल सुटं झाल्यावर तिनं ते हलवलं आणि ते आपल्या जुन्या जागेकडे वळायला लागलं. रोज थोडं थोडं. मी लुगड्याचा काठ फाडून त्या पट्टीनं बांधून ठेवायची. रात्रीतून पट्टी सैल व्हायची.

आमच्या गल्लीतून एकही आई आली नाही, अशी डॉक्टरांनी वर तक्रार केली. म्हणून पंचायत समितीचे एक साहेब चौकशीला आले. भगवंतरावांच्या ओट्यावर त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. तेरावं होऊन गेलं होतं. भगवंतराव होते, मामाजी होते, कचरू डफ घेऊन खाली उभा होता. आम्ही बायका दाराआड. कौती माझ्या कडेवर.

साहेब म्हणाले, "प्रत्यक्षच बघू. कचरू, तू चावडीशी जा आणि वाजव. इथं ऐकू येतं का पाहू."

कचरू गेला. थोड्या वेळानं डफ वाजला. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. डफ असा स्पष्ट ऐकू आला, की कौती मान वळवून बघायला लागली.

"आला की आवाज!" साहेब म्हणाले. "म्हणजे दवंडीत दोष नाही. बायकाच विसरल्या."

"बायाईचं काय घेता साहेब," भगवंतराव म्हणाले, "त्याईले चुलीवरचं दूध याद राहत नाही."

ओट्यावरचे सगळे हसले. मामाजीही.

मला राहवलं नाही. पदर पुढे ओढून मी दारातूनच म्हटलं, "साहेब, त्या दिवशी गल्लीत रडारड होती. आजच्यासारखी शांतता नव्हती. आणि कचरूभाऊ गल्लीत आलेच नाहीत."

साहेबांनी कचरूकडे पाहिलं. तो परत येऊन घाम पुसत होता.

"आलो होतो बाई," कचरू म्हणाला. "पण डफ पाठीवर टाकून आलो. सुतकाच्या गल्लीत डफ वाजवू नाही, हे आमच्या बापाच्याही आंधीपासून हाय. या भगवंतरावमालकानंही तसंच सांगतलं होतं."

"मंग का मयतीच्या दारात डफ बडवतं का बे?" भगवंतराव म्हणाले.

"तेच तं. म्हणून तोंडानं सांगतलं. इथंच, या ओट्यापाशी. तुमी होते, शेषरावबुवा होते, चौघं-पाचजण होते. म्हटलं, उद्या सोनाळ्याच्या शाळेत ढोराईले टोचणं हाय अन् लेकराईच्या पायाचे डॉक्टर येऊन राह्यले. घराघरात सांगून द्या. हाव का नाही, बुवा?"

मामाजींनी खांद्यावरचं उपरणं काढून पुन्हा घडी घातली.

मला एकदम आठवलं. त्या दवंडीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमची गाडी सोनाळ्याला गेली होती. मामाजींनी दोन्ही बैल टोचून आणले होते. दुपारी परत आल्यावर त्यांनी बैलांच्या टोचल्या जागेवर हळद लावली, ती हळद मीच वाटून दिली होती. गाडी रिकामी गेली आणि रिकामी आली. ज्या शाळेच्या आवारात बैल बांधले, त्याच शाळेच्या ओसरीत डॉक्टर कौतिका कुठं आहे म्हणून विचारत होते.

"हाव, सांगतलं होतं," मामाजी शेवटी म्हणाले. "ध्यानातून गेलं. मयतीचं घर, माणसाईची ये-जा."

आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या चार माणसांत नवऱ्यापुढे बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बैलाईचं बरं ध्यानात राह्यलं!"

"बैल मेले तं वावर तू वायशीन?" मामाजी उसळले. "अन् पोरीचा पाय काय पळून चालला होता? या पाळीले नाही तं पुढल्या पाळीले."

साहेबांनी हात वर केला. "हे बघा, घरगुती आपसांत मिटवा. मला एवढंच सांगा शेषराव, दवंडी पोचली होती ना?"

"हाव. पोचली होती."

"झालं तर मग."

चहा आला. चहा पिता पिता साहेबांनी डफ हातात घेऊन पाहिला, कातड्यावर बोट दाबलं आणि हा जुना झालाय, पंचायतीनं नवा घ्यावा असं सुचवलं. सुतकाच्या गल्लीचं काय करायचं, ते कोणी काढलं नाही. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तर भगवंतरावांनी पानाचं तबक पुढे सरकवलं आणि साहेब उठले.

पुढची दवंडी झाली तेव्हा मामाजींनी स्वतः आत येऊन मला सांगितलं. जेवताना पुन्हा सांगितलं. सकाळी गाडीत वाकळ अंथरून बसले होते.

डॉक्टरांनी कौतीचा पाय हातात घेतला, दाबला, पुन्हा दाबला. कौती किंचाळली. त्यांनी पाय खाली ठेवला.

"आता प्लास्टरनं होणार नाही. आखडलाय. मोठी झाली की अकोल्याला ऑपरेशन करून बघता येईल. पण पूर्ण सरळ होईल असं मी म्हणणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी बजावलं होतं ना? का नाही आलात?"

मामाजी ओसरीच्या खांबाशी उभे होते.

"मला कोणी सांगितलं नाही, डॉक्टर."

"असं कसं? चौकशी झाली ना तुमच्या गावात. दवंडी घरोघर पोचली होती, असं मला वरून कळवलंय." ते पुढच्या पोराकडे वळले. "आया अशा, तर आम्ही काय करणार?"

मी कौतीला उचललं.

परतताना ती गाडीत बसेना. तिला गाडीच्या कठड्याला धरून उभं राहायचं होतं. एकदा पडली, दोनदा पडली, आणि तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून उभी राहिली. पहिल्यांदाच.

मामाजींनी मागे वळून पाहिलं. "अरे वा वा! उभी राह्यली की वो माही बाय!" ते खरोखर हरखले होते.

"हो मामाजी," मी म्हटलं आणि कौतीच्या झबल्याचा घेर गुडघ्यापर्यंत वर उचलून धरला.

डाव्या पावलाचा तळवा कुठंच टेकलेला नव्हता. ती घोट्याच्या हाडावर उभी होती.

मामाजींनी पाहिलं. मग ते पुढे वळले आणि चालत्याच बैलांना उगीच आणखी हाकायला लागले.