कडुनिंबापर्यंतची पावलं

चौथीच्या पोरांना नकाशा शिकवायचा तर आधी त्यांना वर्गाबाहेर काढायचं, ही माझी जुनी खोड. पुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवून कुणाला काही येत नाही. म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी सांगितलं, शाळेचा नकाशा काढायचा, पावलांनी मोजून. आणि फळ्याच्या वरच्या पट्टीवर रंगीत खडूनं लिहिलं : ‘कुणी सांगितलं म्हणून लिहायचं नाही, मोजलं तेच लिहायचं.’ आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर असा, सुवाच्य अक्षरात.

आमची शाळा मंठ्यापासून अकरा किलोमीटरवर. शिक्षक दोन, मी आणि केशव सर. पट बारा. तो दहाच्या आत गेला की शाळा चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात विलीन करणार, हे आम्हाला बैठकीत दोनदा ऐकवून झालं होतं. मध्ये नाला आहे. पोरं जातील एकवेळ, पोरींना कुणी पाठवणार नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचा आकडा वेगळा आला आणि भांडणं जुंपली. मी समजावलं, पाऊल लहान तर आकडा मोठा, पाऊल मोठं तर आकडा लहान. हे ज्या एका पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं, ती राजनंदिनी. दोन दिवसांनी ती आजोबांचा हात धरूनच शाळेत आली. या आजोबांनीच, म्हणजे रामरावांनी, चाळीस वर्षांपूर्वी शाळेला जागा दिली होती.

“फाटकापासून त्या लिंबापत्तर एकशे चाळीस पावलं टाकून दिल्ती म्या,” म्हातारा म्हणाला.

“मंग आता परत टाका,” नात म्हणाली.

म्हातारा काठी टेकत निघाला, पोरगी शेजारून मोठ्यानं मोजत. ब्याण्णववर तारेचं कुंपण आलं. कडुनिंब तारेच्या पलीकडे, कपाशीत उभा. कपाशी अंगदरावांची, म्हणजे रामरावांच्या मुलाची, म्हणजे राजनंदिनीच्या बापाची, म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथं शेतानं कुंपणाला पाय फोडले होते. म्हातारा तारेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “लिही बाई. ब्याण्णव.”

तिनं नकाशात दोन्ही आकडे लिहिले, एकशे चाळीस आणि ब्याण्णव. लिंब हिरवा, तार लाल, मधल्या पट्ट्यात बारीक ठिपके. अठरा वर्षांच्या नोकरीत इतका खरा नकाशा मी पाहिला नव्हता. मला इतका आनंद झाला, की शाळेतल्या नकाशांच्या प्रदर्शनासाठी तो मी दाराजवळच टांगला. त्यात काय लिहिलंय ते मला कळत होतं. पण पोरीचा कागद कोण वाचतो, असं वाटलं.

अंगदरावांनी वाचला. आवाज न चढवता बोलले, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“मॅडम, आमच्या म्हाताऱ्याला आता काई आठवत न्हाई. अन् उद्या परदर्शन बघाया केंद्रप्रमुख येऊन राह्यले. त्येंच्यासमोर ह्ये बरं दिसंल का?”

“मुलीनं मोजलंय, अंगदराव.”

“मोजलं आसंल. पन मंठ्याच्या इंग्लिश शाळंची व्हॅन आता दारापत्तर येती. माझी एक अन् भावाची दोन, तिघं तिकडंच टाकतो मंग. बराबर नऊ राहतेत तुमच्याकडं.”

केशव सर म्हणाले, “वंदनाताई, एका रेघेसाठी शाळा घालवू नका.” ते चुकीचं बोलत नव्हते. मी रात्रभर विचार केला, असं म्हणायला मला आवडेल. पण निर्णय मी तिथंच उभ्या उभ्या घेतला होता.

मधल्या सुट्टीत मी राजनंदिनीला बोलावलं आणि हातात खोडरबर दिलं.

“आजोबा आता म्हातारे झाले ना? त्यांची पावलं लहान पडतात. म्हणून आकडा चुकला. लिंब तारेच्या जवळच होता, असं समज.”

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “पन बाई, पावलं ल्हान पडली तर जास्त भरायला पायजेत ना? कमी कशी भरली?”

मीच शिकवलेलं ते. वर पट्टीवरचं वाक्य तसंच होतं. तिनं एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“मी सांगते ना,” मी म्हणाले.

तिनं खोडलं. हिरवा रंग नीट जाईना, तर बोटाला थुंकी लावून घासलं. कागद तिथं विरला.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी त्याच नकाशाला पहिला नंबर दिला. अंगदरावांनी सगळ्या पोरांना पेढे वाटले आणि शब्दही पाळला. व्हॅन आली नाही. पट बारा राहिला. त्या आठवड्यात मी पट्टीवरचं वाक्य पुसून टाकलं. कुणीच विचारलं नाही.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा. परिसर अभ्यासाच्या प्रात्यक्षिकाला मी सोपा प्रश्न ठेवला : वर्गाची लांबी पावलांनी मोजून लिहा. सगळी पोरं उठली, एकमेकांना धडकत मोजू लागली. राजनंदिनी बसून राहिली, पेन हातात धरून.

“ऊठ ना. मोज.”

“किती लिहू बाई?”

“मोजून लिही.”

“न्हाई, तुम्हीच सांगा.” तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत होती. “मंग नंतर पुसाय लागत न्हाई.”

तरी एक वेडी आशा होती. वर्ग आमचा जेमतेम सोळा-सतरा पावलांचा. मी म्हणाले, “लिही, ऐंशी.” आता ती हसेल, म्हणेल, बाई असं कसं, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत थांबले.

तिनं मान खाली घातली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ऐंशी.