कच्चे टाके

"दुधाचे तर दात, नाहीतरी पडायचेच आहेत." मंडळी, खरं सांगा, हे वाक्य तुमच्याही घरात कधीतरी बोललं गेलंय ना? आमच्या टेलरमास्तरांकडे तर ते रोजचंच होतं.

मास्तरांची सात वर्षांची लेक, टिकली, शाळेतून आली की बापाला सुयांत दोरे ओवून द्यायची. दर सुईमागे बरणीतली एक लिमलेटची गोळी, असा दोघांचा करार. वर दोरा तोडायचा तो दातांनी. बाप तोडतो म्हणून लेकही. समोर खिळ्याला कात्री लटकलेली, पण हात लांब करतो कोण? झोपताना दात घासायचा पोरीला कंटाळा, आणि आई ओरडली की मास्तरांचं वरचं वाक्य तयार.

व्हायचं तेच झालं. खालची एक दाढ किडली आणि त्या शनिवारी अशी ठणकायला लागली की टिकलीला घोटभर पाणी पिववेना.

"बटणाचा जाड दोरा आण," मास्तर म्हणाले. "एका हिसक्यात मोकळी करतो."

दाढ तसूभरही हलत नव्हती. बायको तेच सांगत होती, तर मास्तरांनी तिलाच गप्प केलं. फास दाढेला बसला, दुसरं टोक मास्तरांच्या मुठीत. टिकलीनं मशीनचा पाय गच्च धरला आणि डोळे मिटले.

"मास्तर, माझा कोट झाला का ट्रायलला?"

दारात कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. पोरीच्या तोंडातून निघालेला दोरा पाहून त्या म्हणाल्या, "सोडा तो. आधी सोडा."

मास्तरांनी दोरा सोडला, हेका सोडला नाही. बाईंनी मोबाइलच्या उजेडात दाढ पाहिली. "वाचेल ही. कीड साफ करून वर टोपी बसवू. पण आत्ताच चला."

"अहो, दुधाची दाढ! पडायचीच आहे. तिच्यासाठी कशाला एवढा खटाटोप?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. हँगरवरचा आपला पांढरा कोट त्यांनी अंगात घातला. अजून नुसत्या लाल कच्च्या टाक्यांवर उभा होता तो. खांद्याजवळचं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि सर्रकन ओढलं. बाही घसरून कोपरापाशी आली.

"अहो अहो, हे काय केलंत!" मास्तर ताडकन उठले. "सगळं माप सरकलं की!"

"कच्चे टाके तर होते. नाहीतरी उसवायचेच ना?"

"उसवायचे, पण पक्की शिलाई पडल्यावर! तोवर कापड जागेवर धरणार कोण?"

आणि बोलता बोलता मास्तरांची नजर टिकलीच्या तोंडातून लोंबणाऱ्या दोऱ्याकडे गेली.

"मीही तेच म्हणतेय," बाई म्हणाल्या. "पक्की दाढ यायला अजून तीन-चार वर्षं आहेत. तोवर ही जागा धरून बसलीय. ही आधीच गेली तर शेजारच्या सरकतील आणि पक्की येईल ती वाकडी. शिवाय तोवर पोरीनं चावायचं कशानं?"

मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिळ्यावरची कात्री काढली, हलक्या हातानं फास कापला, लेकीला खांद्यावर घेतलं आणि दुकान उघडं टाकून निघाले. त्यांच्यामागे एका बाहीच्या कोटातल्या डॉक्टरीणबाई धावत होत्या. अख्खा रस्ता बघत राहिला.

दाढ वाचली, मंडळी! बरणीत आता रंगीत बटणं आहेत, आणि झोपण्यापूर्वी बापलेक शेजारी शेजारी उभे राहून दात घासतात.

परवा एक गिऱ्हाईक आपल्या मुलाबद्दल म्हणालं, "दुधाचेच तर दात." मास्तरांनी मशीन थांबवलं. "साहेब, ते कच्चे टाके आहेत. त्यांच्याच भरवशावर पक्की शिलाई सरळ येते. आधी उसवू देऊ नका," असं ठणकावून सांगितलं आणि ऐटीत दोरा तोंडाशी नेला.

"बाबा," टिकली म्हणाली, "कात्री."