उलट वाक्यं

दातांच्या कॅपा आणि कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये सगळे तिला हळूबाई म्हणायचे. काम हळू नव्हतं, आवाज हळू होता. बारीक ब्रशनं पोर्सिलेनचे थर चढवून दाताला खऱ्यासारखा रंग आणताना ती अशी रमायची की शेजारचा चहा गार होऊन जायचा. पण कुणा अनोळखी माणसानं साधं "केव्हा होईल हे?" विचारलं तरी तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. डॉक्टरांचा फोन वाजला की हात धुवायच्या निमित्तानं ती बेसिनकडे सटकायची.

ही नोकरी तिला थोरल्या नणंदेनं लावून दिली होती. नणंद तिथेच काउंटरवर असायची. दवाखान्यांतून आलेले साचे घ्यायची, तयार दात डब्यांत भरून पाठवायची आणि दिवसभर फोनवर डॉक्टरांची समजूत घालायची. बोलायला एकदम फर्डी. हळूबाईचा नवराही घरात पंखा घ्यायचा म्हटलं तरी "ताईला विचारू या" म्हणायचा.

लॅबचे जुने सुपरवायझर निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा हळूबाईकडे वळल्या. कामात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

"सुपरवायझरला सारखं डॉक्टरांशी बोलावं लागतं, ताई," ती नणंदेला म्हणाली. "मला नाही जमायचं."

"हे 'नाही जमायचं' आधी बंद कर बघू." नणंद नुकतीच कुठल्याशा शिबिराला जाऊन आली होती. "मनाला आपण रोज जे ऐकवतो ना, तेच ते खरं धरून चालतं. तुला कशाकशाची भीती वाटते ते सांग. सगळं सांग, काही मागे ठेवू नकोस. आपण त्याची उलट वाक्यं करू."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हळूबाईनं सांगितलं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. समोर माणूस आला की आवाज फुटत नाही. आपण मूर्ख ठरू असं वाटतं. एकदा एक डॉक्टर पाठीशी येऊन उभे राहिले, तेव्हा हातातला ब्रश थरथरला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच.

नणंदेनं एकेक भीती घेतली आणि सदरा उलटा करावा तशी उलटी केली. माझा आवाज स्थिर आहे. माझं म्हणणं लोक ऐकतात. माझा हात थरथरत नाही.

मग रोज सकाळी मुलं शाळेला गेली की नणंदेचा फोन यायचा. "हं, म्हण." हळूबाई गॅसपाशी उभी राहून म्हणायची. सुरुवातीला तिला स्वतःचंच हसू यायचं. एकदा नवऱ्यानं आंघोळीहून येताना ऐकलं आणि विचारलं, "कुणाचा हात थरथरत नाही?"

"तुझा. कधी भांड्याला लागतच नाही, तर थरथरणार कसा?"

पण फरक पडला, हे खरं. दुकानदारानं दिलेली फाटकी पिशवी तिनं बदलून मागितली. शाळेत मुलीच्या बाईंना एक शंका विचारली. आणि एके दिवशी बेसिनकडे न जाता तिनं एका डॉक्टरांचा फोन घेतला. दोनच वाक्यं बोलली, पण बोलली. ठेवल्याबरोबर धावत काउंटरवर गेली आणि तिनं नणंदेचे दोन्ही हात धरले. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं होतं असं हळूबाईला आजही वाटत नाही. तेच जास्त टोचतं.

काही दिवसांनी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण ही जबाबदारी टाकणं म्हणजे तुमच्यावरच अन्याय होईल. नणंदबाईंनी फार काळजीनं सांगितलं मला. तुम्हाला रोज सकाळी स्वतःची समजूत घालावी लागते म्हणे. माझा आवाज स्थिर आहे, माझा हात थरथरत नाही, असं." त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "हात थरथरतो का तुमचा? पुढच्या दातांचं काम थोडे दिवस दुसऱ्या कुणाला देऊ या का?"

वाक्यं तीच होती, शब्दाला शब्द. फक्त उलट केलेलं सगळं नणंदेनं पुन्हा सुलट करून या टेबलावर आणून ठेवलं होतं.

"सुपरवायझर कोण होणार, सर?"

"नणंदबाईच. डॉक्टर त्यांना ओळखतात. तुम्ही घरचीच माणसं, एकमेकींना सांभाळून घ्याल."

नणंद मागच्या खोलीत डब्यांना झाकणं लावत होती.

"ताई, तुम्ही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, हिला झेपेल का. मी खोटं बोलू?"

"मला तर रोज सांगत होतात, झेपेल म्हणून."

"ते तुला बरं वाटावं म्हणून गं." हातातलं झाकण काही बसेना. "आणि मी? एवढी वर्षं त्या काउंटरवर उभ्यानं काढली. मला कधी कुणी विचारलं, तुला काय हवंय?"

"मला सांगायचं होतंत. मी स्वतः मालकांकडे गेले असते, ताईंना द्या म्हणून."

ती खरंच गेली असती, आणि नणंदेलाही ते ठाऊक होतं.

"पण हाताचं कशाला सांगितलंत?"

नणंदेनं ते झाकण बाजूला टाकलं आणि दुसरा डबा पुढे ओढला.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तिच्या मनात वाईट नसेल. आणि तसंही तुला ते नकोच होतं ना?"

तो इतक्या पटकन हे म्हणाला की हळूबाईला शंका आली. "तुला आधीच माहीत होतं?"

त्यानं खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि घडी घालायला घेतली. लग्न झाल्यापासून त्यानं टॉवेलची घडी घातलेली तिनं पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला, तो तिनं वाजू दिला. मग एकटीच गॅसपाशी उभी राहून ती वाक्यं म्हणून बघायला लागली, पण पहिल्याच शब्दाला कानात "हं, म्हण" ऐकू आलं आणि तिनं तोंड मिटलं. पलीकडे आपल्या बाजूचं कुणीतरी ऐकतंय, या भरवशावरच ती इतके दिवस बोलत होती. त्या भरवशाशिवाय वाक्यं नुसती पोकळ वाटली.

लॅबमध्ये गेल्यावर ती थेट केबिनमध्ये शिरली.

"सर, माझा आवाज थरथरतो. आत्ताही थरथरतोय. हाताचं तुम्ही स्वतः बघा."

मालक येऊन तिच्या टेबलाशी बसले. पहिल्या थराला ब्रश जरासा हलला, दोघांनाही दिसला. तिनं तो थर पुसला, पुन्हा सुरुवात केली आणि दात पुरा करून त्यांच्यासमोर ठेवला. पुढच्या दातांचं काम तिच्याकडेच राहिलं. सुपरवायझरचं टेबल मात्र नणंदेला मिळालं ते मिळालंच.

पुढे हळूबाईनं दुसरी लॅब धरली. तिथे डॉक्टरांचे फोन ती घेते. आवाज अजून कापतो, पण ती बोलणं पुरं करते.

नणंद रविवारी येते, पूर्वीसारखीच. एका रविवारी हळूबाई चहा ओतत असताना नवरा हळूच म्हणाला, "अजून ताईशी बोलत नाहीस तू."

"बोलते की. या म्हणते, बसा म्हणते. सांगत काही नाही."

बाहेरच्या खोलीत नणंद मुलीला जवळ घेऊन विचारत होती, "काय गं, तुला कशाची भीती वाटते सगळ्यात जास्त? सांग ना आत्याला."

हळूबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि मुलीला आत हाक मारली.